मोनोहायड्रेट, एचसीएल की बफर्ड? क्रिएटिनच्या डब्यात नक्की काय असतं

गेल्या महिन्यात भाचा घरी आला, सॅकमधून एक छोटासा काळा डबा काढला आणि टेबलावर ठेवला. पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी ग्राउंड, संध्याकाळी जिम, आणि खाणं म्हणाल तर आमच्याकडे सगळे माळकरी, त्यामुळे मटण-मासळीचा प्रश्नच नाही. म्हणाला, "मामा, हे बघ, क्रिएटिन एचसीएल. साधं नाही, वरचं आहे. याने अंगात पाणी धरत नाही, किडनीला त्रास नाही, आणि एक चमचासुद्धा लागत नाही, एवढासा स्कूप पुरतो असं दुकानवाला म्हणाला." ९० ग्रॅमचा डबा, १८०० रुपये. त्याच दुकानात साधं मोनोहायड्रेट २५० ग्रॅमला १००० रुपयांना होतं, पण ते "जुनं झालंय आता" असं त्याला सांगितलं गेलं.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, त्यामुळे डबा हातात आल्यावर पहिलं काम मागचं लेबल वाचायचं. आणि खरं सांगतो, ते वाचून वाईट वाटलं. पैसे पोराने शिकवण्या घेऊन जमवलेले होते. गेल्या वर्ष-दोन वर्षांत रील्सवर, जिममध्ये, आता तर बायकांच्या आणि ज्येष्ठांच्या ग्रुपवरसुद्धा ताकदीसाठी घेतात त्या क्रिएटिन पावडरचं नाव सतत ऐकू येतंय, आणि प्रत्येकाचा प्रश्न हाच असतो की एवढे प्रकार आहेत तर घ्यायचं कुठलं. म्हणून जे त्याला त्या दिवशी समजावलं तेच इथे सविस्तर लिहितोय.

## आधी हे कळू दे की क्रिएटिन म्हणजे काय

क्रिएटिन हे औषध नाही, स्टेरॉइड तर नाहीच नाही. तुमच्या-माझ्या अंगात आत्ता या क्षणी आहे. किडनी आणि लिव्हर मिळून ते रोज साधारण १ ग्रॅम तयार करतात, तीन अमिनो आम्लांपासून. मांसाहारी माणसाला आणखी १ ग्रॅमच्या आसपास खाण्यातून मिळतं. ७० किलोच्या माणसाच्या अंगात सगळं मिळून १२० ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन असतं आणि त्यातलं जवळजवळ ९५ टक्के स्नायूंमध्ये.

शोध तर फार जुना, १८३२ चा. शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसातून वेगळं काढलं आणि मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. पण ते स्नायूत नक्की काय काम करतं हे कळायला पुढे जवळपास शंभर वर्षं गेली, आणि त्या शोधात आपला माणूस होता हे फार कमी जणांना माहीत असतं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव, हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत काम करत होते, त्या दोघांनी १९२७ मध्ये स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. आज जिममध्ये शेकर हलवणाऱ्या प्रत्येक पोराला हे नाव माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

## ग्लास, माठ, टाकी आणि धरण

आता फॉस्फोक्रिएटिन म्हणजे काय, तर फॉस्फेट जोडलेलं क्रिएटिन. ते कशाला लागतं हे घरातल्या पाण्यावरून बघू.

तहान लागली की आपण ग्लासातलं पाणी पितो. स्नायूचा ग्लास म्हणजे एटीपी. स्नायू आखडायला जी ताकद लागते ती थेट एटीपीतूनच येते, दुसरं काही चालत नाही. पण हा ग्लास फारच छोटा, जीव तोडून पळायला लागलात तर दोन-तीन सेकंदांत रिकामा. मग तो लगेच भरून द्यायला शेजारी माठ ठेवलेला असतो, तो माठ म्हणजे फॉस्फोक्रिएटिन. ते आपलं फॉस्फेट काढून देतं आणि रिकामा एटीपी पुन्हा भरतो, ऑक्सिजनची वाट बघावी लागत नाही, काही नाही, अगदी क्षणात. त्याच्यामागे गच्चीवरची टाकी असते, म्हणजे साखरेचा साठा, आणि सगळ्यात मागे धरण, म्हणजे चरबी. धरणात पाणी भरपूर, पण ते नळाला यायला वेळ लागतो.

माठ साधारण दहा सेकंद पुरतो. नंतर थोडी विश्रांती मिळाली की तो परत भरतो.

आता कबड्डीतली चढाई आठवा, ३० सेकंदांची. त्यात खरी झटापट, ती उडी, तो पकडीतून सुटायचा हिसका, हे सगळं पाच-सात सेकंदांचं काम. कुस्तीतला डाव तसाच. बेंच प्रेसमध्ये छातीवरून वजन वर ढकलायचा शेवटचा रेप, म्हणजे शेवटची उचल, तशीच, शंभर मीटर धावणं तसंच, गोळाफेक तर एका क्षणाची. ही सगळी माठाची कामं. क्रिएटिन घेतल्याने माठात पाणी जास्त मावतं असं समजा, सेटमध्ये एखाद-दोन रेप्स जास्त निघतात, दुसऱ्या-तिसऱ्या सेटला दम लवकर तुटत नाही, आणि महिनोन्महिने असा थोडा-थोडा जास्त व्यायाम झाला की त्यातून ताकद आणि स्नायू वाढतात. म्हणजे क्रिएटिन स्नायू बांधत नाही, जास्त काम करू देतं, स्नायू त्या कामाने बांधला जातो. नुसता डबा संपवून सोफ्यावर बसलात तर फार काही होणार नाही.

आणि हेही ओघाने आलं की मॅरेथॉनवाल्याला याचा फायदा बेताचाच. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असतं, त्यातल्या शेवटच्या दोघांना क्रिएटिनची मदत होऊ शकते, १६०० ला तशी फार नाही, उलट अंगावर किलोभर वजन वाढलं तर ते घेऊन पळावं लागतं. हे भाच्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

## मग एवढे प्रकार आले कुठून?

१९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. लोकांना दिवसातून चार ते सहा वेळा ५-५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट दिलं तर काही दिवसांतच स्नायूतला साठा वाढतो असं त्यांना दिसलं. त्यात एक गोष्ट मला फार आवडते: काहींना त्यांनी एकाच पायाने व्यायाम करायला लावला, तर व्यायाम केलेल्या पायात क्रिएटिन जास्त शिरलं, दुसऱ्या पायात तेवढं नाही. म्हणजे माल रक्तात सगळीकडे सारखाच फिरतो, पण राबणारा स्नायू तो जास्त ओढून घेतो.

त्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिक झालं, १०० मीटर जिंकलेला लिनफर्ड क्रिस्टी आणि ४०० मीटर हर्डल्स जिंकलेली सॅली गनेल क्रिएटिन घेत होते अशा बातम्या ब्रिटनमध्ये आल्या आणि मग बाजार उघडला. तिथून पुढचा सगळा अभ्यास, शेकड्यांनी प्रयोग, बहुतेक सगळे मोनोहायड्रेटवर झालेत.

पण व्यापाराची अडचण अशी की मोनोहायड्रेट कुणीही बनवू शकतं, त्यामुळे ते स्वस्त होत गेलं. स्वस्त मालात वेगळेपणा दाखवता येत नाही, नवीन पेटंट मिळत नाही. मग त्याच रेणूला कधी हे जोड, कधी ते जोड, आणि नवीन नावाने विक. सगळे लबाड आहेत असं मी म्हणत नाही, काही कल्पना कागदावर खरंच चांगल्या होत्या. प्रयोगात त्या टिकल्या का एवढंच बघायचं.

## शेंगा आणि शेंगदाणे

कुठल्याही क्रिएटिनच्या डब्याकडे बघताना बाजारातल्या शेंगा आठवा. एक किलो शेंगा घेतल्या म्हणून एक किलो दाणे मिळत नाहीत, टरफलाचं वजन त्यात धरलेलं असतं.

मोनोहायड्रेट म्हणजे क्रिएटिन अधिक पाण्याचा एक रेणू. यात दाणे ८८ टक्के, टरफल १२ टक्के, आणि टरफल म्हणजे नुसतं पाणी. एचसीएल म्हणजे क्रिएटिनला हायड्रोक्लोरिक आम्ल जोडलेलं, त्यात दाणे ७८ टक्के. सायट्रेट, पायरुवेट वगैरे प्रकारांत आणखी कमी, पायरुवेटमध्ये तर ६० टक्क्यांच्या आसपासच. निव्वळ क्रिएटिन, टरफल नसलेलं, त्याला ॲनहायड्रस म्हणतात, पण ते पाण्यात टाकलं की मोनोहायड्रेट घेतल्यासारखंच झालं.

आता भाच्याच्या डब्याचा हिशोब. स्कूप ७५० मिलिग्रॅमचा, त्यात खरं क्रिएटिन ५८५ मिलिग्रॅम. मोनोहायड्रेटचा ३ ग्रॅमचा स्कूप घेतला तर २.६ ग्रॅम. म्हणजे चौपटीहून जास्त. आणि पैशात बघा, एचसीएलमधलं १ ग्रॅम क्रिएटिन त्याला साधारण २६ रुपयांना पडलं, मोनोहायड्रेटमधलं साडेचार रुपयांना. हे मी त्याच्यासमोर वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला.

## "पण एचसीएल लगेच विरघळतं, म्हणून कमी लागतं ना?"

हाच मुख्य दावा आहे, म्हणून जरा नीट बघू.

एचसीएल पाण्यात कितीतरी पट जास्त विरघळतं हे शंभर टक्के खरं. आम्ही घरी करून बघितलं, काचेचे दोन ग्लास, दोन्हीत माठातलं गार पाणी. एचसीएल टाकलं, दोन वेळा चमचा फिरवला, गायब. मोनोहायड्रेट ५ ग्रॅम टाकलं, ढवळून ढवळून हात दुखला तरी तळाला पांढरा थर, उजेडात धरलं तर रवा बसल्यासारखा. भाचा म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो." मग मी तिसरा ग्लास घेतला, त्यात आंघोळीच्या पाण्याहून थोडं गरम पाणी, तेवढंच मोनोहायड्रेट, आणि ते मिनिटभरात स्वच्छ विरघळलं.

याचं गणित सोपं आहे. २० अंश तापमानाला एक लिटर पाण्यात मोनोहायड्रेट १४ ग्रॅम विरघळतं, म्हणजे २०० मिलिलिटरच्या ग्लासात ३ ग्रॅमलासुद्धा कमीच, बाकीचं खाली बसणारच. ५० अंशाला तेच लिटरला ३४ ग्रॅम होतं, मग ग्लासात ५ ग्रॅम आरामात. फ्रिजमधलं गार पाणी घेतलंत तर लिटरला ६ ग्रॅम फक्त. आणि तळाला बसलेला रवा खराब झालेला नसतो, पाणी घालून तो पिऊन टाकला तरी पोटात जाऊन कामच करतो.

खरा मुद्दा पुढे आहे. ग्लासात विरघळणं वेगळं आणि अंगी लागणं वेगळं. मोनोहायड्रेट नेहमीच्या डोसमध्ये आतड्यातून जवळजवळ सगळंच्या सगळं शोषलं जातं. शंभरातले नव्व्याण्णव जर आधीच आत येत असतील तर त्याच्या चौपट चांगलं कुणी कसं येणार? जागाच कुठे उरलीय? शिवाय पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतंच की, जठररस म्हणजे तेच. मोनोहायड्रेट तिथे पोचलं की त्याचं पाणी सुटतं, आम्लात ते विरघळतं, आणि रक्तात जो रेणू जातो तो एचसीएलवाल्याच्या रेणूसारखाच, तंतोतंत तोच. स्नायूच्या दारावर "तू कुठल्या डब्यातून आलास" असं कुणी विचारत नाही.

एचसीएलला मी एक गुण देतो. काहींना एकदम जास्त मोनोहायड्रेट घेतलं की पोट बिघडतं, जुलाब होतात, अशांना कमी पाण्यात नीट विरघळणारा प्रकार सोयीचा वाटू शकतो. पण त्यावर डोस कमी करणं, दोनदा विभागून घेणं, जेवणानंतर घेणं हे फुकटचे उपाय आधी करून बघावेत.

## बफर्ड आणि एस्टर, दोन कल्पना ज्या टिकल्या नाहीत

बफर्ड म्हणजे अल्कली घालून केलेलं. विकणाऱ्यांचं म्हणणं असं की पोटातल्या आम्लात साधं क्रिएटिन नासतं, त्याचं क्रिएटिनिन, म्हणजे कामाचं न उरलेलं क्रिएटिन, होतं, म्हणून आम्ल मारणारं काहीतरी सोबत हवं. ऐकायला पटतं. पण क्रिएटिनिन हळूहळू होणारा पदार्थ आहे, त्याला द्रवात दिवस लागतात, पोटात क्रिएटिन तेवढा वेळ थांबतच नाही. २०१२ मध्ये नियमित वेट ट्रेनिंग करणाऱ्यांवर २८ दिवसांचा प्रयोग झाला, बफर्ड एका गटाला कंपनी सांगते त्या कमी डोसमध्ये, एका गटाला मोनोहायड्रेटएवढ्या डोसमध्ये, आणि तिसऱ्या गटाला साधं मोनोहायड्रेट. बफर्ड कुठल्याच बाबतीत सरस ठरलं नाही, ना स्नायूतल्या साठ्यात, ना ताकदीत, ना त्रास कमी होण्यात.

इथाइल एस्टरची गोष्ट त्याहून वाईट. कल्पना अशी होती की क्रिएटिनला तेलकट शेपूट लावली की ते पेशीच्या भिंतीतून सरळ आत घुसेल, दाराची गरज नाही. प्रत्यक्षात ते अंगात गेल्यावर मोठ्या प्रमाणात क्रिएटिनिनच होऊन बसतं. २००९ च्या प्रयोगात एस्टर घेणाऱ्यांच्या रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं दिसलं आणि स्नायूंना मोनोहायड्रेटपेक्षा जास्त काही मिळालं नाही. आजही हे कुठे-कुठे विकायला असतं. घेऊ नका.

## मायक्रोनाइज्ड, नायट्रेट, मॅलेट, गमी

मायक्रोनाइज्ड हा वेगळा प्रकारच नाही, मोनोहायड्रेटच बारीक दळलेलं, खडीसाखर आणि पिठीसाखर यात जेवढा फरक तेवढाच. ढवळायला बरं पडतं, थोडेच पैसे जास्त असतील तर जरूर घ्या. मॅलेट, सायट्रेट, मॅग्नेशियम जोडलेलं, यातलं काहीही मोनोहायड्रेटपेक्षा वरचढ आहे असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. नायट्रेटमध्ये क्रिएटिनचा भाग बऱ्याचदा इतका कमी असतो की त्याला क्रिएटिन म्हणून विकत घेण्यात अर्थ नाही.

पाण्यात आधीच कालवून बाटलीत भरलेलं क्रिएटिन मात्र टाळाच. कोरडी पावडर वर्षानुवर्षं टिकते, पण पाण्यात, त्यातही आंबट पाण्यात, ते दिवसागणिक क्रिएटिनिनमध्ये बदलत जातं. दुकानाच्या फळीवर सहा महिने उभ्या असलेल्या बाटलीत काय उरलं असेल विचार करा. त्यामुळे आपणही रात्री लिंबूपाण्यात कालवून सकाळी पिऊ नये, कालवलं की प्यायचं.

गमीज, म्हणजे चघळायच्या गोड गोळ्या, हल्ली फार चालतात. ३ ग्रॅम पावडर दोन-चार गोळ्यांत मावणं मुळात अवघड, बनवताना ओल आणि उष्णता दोन्ही आली, आणि अमेरिकेत स्वतंत्र तपासण्या झाल्या तेव्हा काही गमीजमध्ये लेबलवर लिहिलंय त्याच्या आसपासही माल निघाला नाही. वर साखर.

## किती घ्यायचं? लोडिंग लागतंच का?

माठाची उपमा इथे परत कामाला येते. माठ भरला की वरून ओतलेलं सांडतं, तसं स्नायू भरले की जास्तीचं क्रिएटिन लघवीवाटे निघून जातं. मग तो भरायचा कसा, तर दोन रस्ते.

घाईचा रस्ता म्हणजे लोडिंग, रोज २० ग्रॅम, चार वेळा विभागून, पाच ते सात दिवस. सावकाश रस्ता म्हणजे रोज ३ ग्रॅम, साधारण महिनाभर. १९९६ मध्ये हुल्टमन यांच्या गटाने दोन्ही करून पाहिलं आणि शेवटी साठा दोन्हीकडे जवळपास सारखाच, २० टक्क्यांच्या आसपास वाढला. पुढच्या आठवड्यात स्पर्धा नसेल तर महिनाभराचा रस्ता धरा, पोट शांत राहतं, डबाही जास्त दिवस जातो. नंतर रोज ३ ते ५ ग्रॅम, देह मोठा असेल तर ५. सकाळी की संध्याकाळी, जिमच्या आधी की नंतर, यावर भांडणारे भांडू देत, रोज न चुकता घेणं याला सगळ्यात जास्त महत्त्व. अंगातलं १ ते २ टक्के क्रिएटिन रोज झिजून जातं, तेवढी भर पडत राहायला हवी. मध्ये बंद केलं तर काही आठवड्यांत साठा हळूहळू पूर्वपदावर येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

काही जणांना फरक जाणवतच नाही, हेही खरं. ज्यांचा माठ जन्मतः किंवा रोजच्या मांसाहाराने आधीच भरत आलेला असतो त्यांना जास्तीची जागा कमी.

## "किडनी खराब होते म्हणतात त्याचं काय?"

आईबापांची सगळ्यात मोठी भीती हीच, आणि तिच्यामागे नावांचा घोळ आहे. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन. वापरलं गेलेलं क्रिएटिन म्हणजे क्रिएटिनिन, चुलीतली राख म्हणा. किडनीचं काम ती राख बाहेर काढणं. डॉक्टर रक्तातली राख मोजतात, ती साचलेली दिसली तर काढणारा दमलाय असा अंदाज बांधतात. पण चुलीत लाकूडच जास्त घातलं तर राख जास्त पडणारच ना, काढणारा ठणठणीत असला तरी.

म्हणून क्रिएटिन घेणाऱ्याचा, शिवाय ज्याचे स्नायू मोठे आहेत त्याचा रिपोर्ट थोडा वर दिसू शकतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाचं क्रिएटिनिन १.४ आलं, लॅबच्या कागदावर ठळक अक्षरात, घरात दोन दिवस रडारड. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, काही पावडर घेतोस का, मग सिस्टॅटिन-सी नावाची दुसरी टेस्ट करायला सांगितली जी क्रिएटिनवर अवलंबून नसते, ती व्यवस्थित आली. तेव्हा ब्लड टेस्टच्या आधी डॉक्टरांना सांगा की मी क्रिएटिन घेतो, लपवू नका.

निरोगी माणसांत नेहमीच्या डोसने किडनी बिघडते असं इतक्या वर्षांच्या अभ्यासात दिसलेलं नाही. २०१७ मध्ये इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनने सगळा पुरावा तपासून आपली भूमिका मांडली, त्यात क्रिएटिन मोनोहायड्रेट सुरक्षित आणि सगळ्यात परिणामकारक असल्याचं म्हटलंय. पण ज्यांना आधीच किडनीचा आजार आहे, एकच किडनी आहे, डायबेटिस किंवा बीपी बरेच दिवस आहे, किडनीवर ताण येणारी औषधं चालू आहेत, गरोदर आहात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. शाळकरी पोरांना तर माझं सांगणं आहे की आधी खुराक, झोप आणि वस्तादांचं ऐकणं, पावडर नंतर कधीतरी.

## "केस गळतात, अंगात पाणी भरतं"

केसांची भीती एकाच अभ्यासातून आलीय, २००९ चा, दक्षिण आफ्रिकेतले २० रग्बी खेळाडू. त्यांच्या रक्तात डीएचटी हे हार्मोन वाढलेलं दिसलं, ज्याचा टकलाशी संबंध आहे. पण केस कुणी मोजलेच नव्हते. २०२५ मध्ये १२ आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात केसही तपासले आणि डीएचटीही, क्रिएटिन घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक सापडला नाही. घराण्यात टक्कल असेल तर ते डबा न आणताही येईल.

पाण्याचं मात्र खरं आहे. क्रिएटिन स्नायूत शिरताना सोबत पाणी ओढतं, लोडिंगच्या आठवड्यात १ ते २ किलो वजन वाढू शकतं. हे पाणी बरंचसं स्नायूच्या आत असतं, तोंड सुजवणारं नसतं. आणि एचसीएलने पाणी धरत नाही हे जे सांगतात ना, त्याचा साधा अर्थ बहुधा असा असतो की इतक्या कमी डोसने माठच भरलेला नाही.

ज्यांचा खेळ वजनगटाचा आहे त्यांनी हे गंभीरपणे घ्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या फायनलच्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली, साऱ्या देशाला ते लागलं. तिच्या प्रकरणाचा क्रिएटिनशी संबंध नाही, पण १०० ग्रॅमची किंमत काय असते ते त्यावरून कळतं. वजनाच्या तोंडावर लोडिंग सुरू करणं म्हणजे स्वतःच्या हाताने घात करून घेणं.

## माळकऱ्यांनी घ्यावं का? आणि डबा बघून कसा घ्यायचा

नावात मांस असलं तरी डब्यातलं क्रिएटिन मांसातून काढत नाहीत, कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या दोन रसायनांपासून बनवतात. पावडरवर हिरवा ठिपका बघून बिनधास्त घ्या, कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं नाही ना ते वाचा. खरं तर शाकाहारी लोकांनाच याचा फायदा जास्त होण्याची शक्यता असते. एक किलो मांस-मासळीत साधारण ४ ग्रॅम क्रिएटिन असतं, लिटरभर दुधात ०.१ ग्रॅम, डाळीत-भाकरीत नाहीच. आपला माठ अर्धवटच असतो, त्यामुळे भरायला जागा जास्त.

घेताना घटकांच्या यादीत एकच नाव असलं पाहिजे, क्रिएटिन मोनोहायड्रेट. "मॅट्रिक्स", "ब्लेंड" असं काही लिहून आतली मापं सांगितली नसतील तर डबा परत फळीवर ठेवा. एफएसएसएआयचा १४ आकडी परवाना क्रमांक, बॅच नंबर, तारीख, शाबूत सील बघा. जर्मनीत बव्हेरियातल्या ट्रोस्टबर्गला बनणारं क्रिएप्युअर नावाचं मोनोहायड्रेट शुद्धतेसाठी ओळखलं जातं, बऱ्याच ब्रँडच्या डब्यावर त्याचा शिक्का असतो, महाग पडतं, परवडत असेल तर चांगलंच. आणि राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळत असाल तर बॅच तपासलेला माल घ्या, कारण क्रिएटिन वाडाच्या, म्हणजे खेळातली उत्तेजकं रोखणाऱ्या जागतिक संस्थेच्या, बंदी यादीत नाही, पण त्याच डब्यात चुकून किंवा मुद्दाम मिसळलेलं दुसरं काही असलं तर नाडाच्या, म्हणजे आपल्याकडच्या तशाच संस्थेच्या, टेस्टमध्ये अडकाल तुम्हीच, दुकानदार नाही.

## मग आणलेल्या त्या डब्याचं काय?

भाच्याने शेवटी हेच विचारलं. "फेकून देऊ का?" म्हटलं, अजिबात नाही, आतलं क्रिएटिन खरंच आहे. फक्त स्कूपवर विश्वास ठेवू नकोस. मोनोहायड्रेटच्या ३ ग्रॅमएवढं क्रिएटिन मिळायला एचसीएल साधारण साडेतीन ग्रॅम लागेल, म्हणजे त्या छोट्या स्कूपचे साडेचार, चवीला आंबट आहे तर मोठा ग्लास भरून पाण्यात, जेवण झाल्यावर. डब्यावर लिहिलंय १२० दिवस, तो जाईल २६ दिवस. त्यानंतर साधं मोनोहायड्रेट आण, कोमट पाण्यात घे, आणि उरलेल्या पैशात रोज अर्धा लिटर दूध आणि मूठभर शेंगदाणे लाव. त्याने मोबाइल काढून सव्विसाव्या दिवसाची तारीख लिहून ठेवली, आणि ग्राउंडवर जायचं म्हणून पहाटे साडेचारचा गजर लावून झोपायला गेला.